जपून ठेवण्याची नीती

जानेवारी 2021 मध्ये परभणी तालुक्यातील मुरुंबा या गावी एका कुक्कुटपालन केंद्रात दोन दिवसांत सुमारे 800 कोंबड्या मरून पडल्या. केंद्र बचत गटाचे होते. मेलेल्या पक्ष्यांचे नमुने तपासणीसाठी पाठविण्यात आले आणि 11 जानेवारीस निदान जाहीर झाले: बर्ड फ्लू. त्यानंतर जे घडले ते सरकारी नियमानुसार घडले. एक किलोमीटरच्या परिसरातील उरलेल्या हजारो कोंबड्या नष्ट करण्याचा निर्णय झाला, वाहतूक थांबविण्यात आली आणि आरोग्य खात्याची माणसे गावकऱ्यांची तपासणी करू लागली.

या घटनेतील एक बाब सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. कोंबड्या मेल्या हे गावाने डोळ्यांनी पाहिले. त्या कशाने मेल्या हे मात्र गावाने पाहिले नाही, तालुक्याने पाहिले नाही, जिल्हाधिकाऱ्यांनीही पाहिले नाही. ते दूरच्या प्रयोगशाळेत कोणीतरी पाहिले आणि एका शब्दात कळविले. त्या एका शब्दावर विश्वास ठेवून जिवंत, धडधाकट दिसणारे पक्षी मारले गेले. शब्द खरा असेल तर ते कठोर पण आवश्यक कृत्य होते, कारण हा रोग गावोगावच्या कोंबड्यांत पसरू शकतो आणि क्वचित माणसालाही जडतो. शब्द खोटा असता तर बचत गटातील कुटुंबांचे भांडवल विनाकारण खड्ड्यात गेले असते. आणि रोग असताना ‘नाही’ असा शब्द आला असता तर शेजारच्या दहा गावांवर संकट ओढवले असते.

ज्याची शहानिशा आपण कधीच करू शकत नाही, अशा शब्दावर आपले घरदार सोपविण्याचे प्रसंग आजच्या काळात पुष्कळ येतात. अशा वेळी तो शब्द देणाऱ्यावर कोणते नैतिक ऋण असते? आणि ते फेडायचे कसे? या प्रश्नाचे उत्तर मोठमोठ्या तत्त्वांत शोधण्यापूर्वी एका लहानशा शीतपेटीत शोधावे लागते, असे मला वाटते.

तो शब्द तयार कसा होतो हे आधी समजून घेतले पाहिजे. बर्ड फ्लूच्या विषाणूचा आनुवंशिक मजकूर आरएनए नावाच्या रेणूत असतो. डीएनए आणि आरएनए हे सजीवांच्या आनुवंशिकतेचे लेखन होय. आनुवंशिकतेचे नियम ज्याने प्रथम शोधले तो ग्रेगोर मेंडेल हा ऑगस्टिनियन संघाचा धर्मगुरू होता. ब्रनो येथील मठाच्या बागेत त्याने वाटाण्यांवर केलेले प्रयोग 1866 मध्ये प्रसिद्ध झाले. जगाला त्यांचे महत्त्व 1900 मध्ये कळले. हे लेखन ज्या अक्षरांत असते ती अवघी चार. ही अक्षरे हव्या त्या क्रमाने जोडून प्रयोगशाळेत कृत्रिम जनुक तयार करण्याचा पहिला मान आपल्याच उपखंडात जन्मलेल्या डॉ. हरगोविंद खोराना यांचा. 1968 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. 1970 मध्ये त्यांनी 77 अक्षर-जोड्यांचा एक संपूर्ण जनुक रासायनिक रीतीने घडविला आणि 1976 मध्ये जिवंत जिवाणूत काम करणारा कृत्रिम जनुक तयार केला. त्यासाठी त्यांच्या सहकाऱ्यांना वर्षानुवर्षे खपावे लागले. आज तसे धागे मागणी नोंदविताच काही दिवसांत टपालाने घरपोच येतात.

विषाणूच्या तपासणीत हेच कृत्रिम धागे वापरतात. नमुन्यातील आरएनएची आधी डीएनएमध्ये नक्कल केली जाते. मग सुमारे 20 अक्षरांचे दोन कृत्रिम तुकडे, ज्यांना प्रायमर म्हणतात, विषाणूच्या लेखनातील नेमकी जागा शोधून तेथे चिकटतात, आणि त्या दोहोंमधील मजकुराच्या प्रती निघू लागतात. एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. अशी 30 आवर्तने पुरी झाली की एका प्रतीच्या 107 कोटींहून अधिक प्रती होतात. 1983 मध्ये कॅरी म्युलिस यांनी शोधलेल्या या पद्धतीला पीसीआर म्हणतात. करोनाच्या काळात हे नाव आपल्या आजी-आजोबांच्याही तोंडी बसले.

या पद्धतीचे सामर्थ्य आणि तिचा धोका एकाच ठिकाणी आहेत. जी एका प्रतीला कोट्यवधी करू शकते, ती चुकून शिरलेल्या एका प्रतीलाही कोट्यवधी करते. तपासणी ठीक चालली आहे ना, हे पाहण्यासाठी प्रयोगशाळेत विषाणूच्या मजकुराचा एक कृत्रिम तुकडा मुद्दाम बाळगावा लागतो. त्याची तपासणी ‘आहे’ अशीच आली पाहिजे. हा तुकडा अनेकदा इतका दाट असतो की नळीचे झाकण उघडताना उडालेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या तुषारात त्याच्या हजारो प्रती असू शकतात. तो तुषार शेजारच्या नळीत पडला, हातमोज्यावर बसला, पिपेटच्या टोकाला लागला, तर निरोगी कोंबडीही रोगी ठरते. नमुना खरा असतो, यंत्र खरे असते, माणूसही प्रामाणिक असतो. आणि उत्तर खोटे येते.

अशी चूक लहान गावच्या गरीब प्रयोगशाळेतच होते असा कोणाचा समज असेल तर तो 2020 मध्ये खोटा ठरला. करोनाची साथ सुरू होताच अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, फेब्रुवारीच्या आरंभी आपल्या राज्याराज्यांतील प्रयोगशाळांना तपासणीचे संच पाठविले. काही दिवसांतच तक्रारी येऊ लागल्या. ज्या नळीत फक्त शुद्ध पाणी आहे, तीही ‘विषाणू आहे’ असे सांगू लागली! पुढे झालेल्या अभ्यासात दोन दोष आढळले. संचाच्या एका घटकात विषाणूचा कृत्रिम तुकडा मिसळला गेला होता, आणि दुसऱ्या घटकाची रचनाच सदोष होती. सुधारणा होईतो अनेक आठवडे गेले. साथ वाढत होती आणि जगातील सर्वांत संपन्न राष्ट्र जवळजवळ डोळे मिटून बसले होते. त्या चुकीत कोणाचा द्वेष नव्हता, कोणाचा लोभही नव्हता. न दिसणाऱ्या एका वस्तूला तिच्या जागी ठेवण्यात कसूर झाली होती, एवढेच.

एवढेच? येथेच आपला नैतिक प्रश्न सुरू होतो.

प्रयोगशाळेत या वस्तू कशा ठेवाव्यात याचे नियम पाहिले तर ते अगदी साधे, जवळजवळ घरगुती वाटतात. रसायने तयार करण्याची खोली वेगळी, नमुने उघडण्याची वेगळी, प्रती वाढविण्याची वेगळी. माणसाने पहिलीतून तिसरीत जावे, तिसरीतून पहिलीत परत येऊ नये. प्रत्येक खोलीचा अंगरखा आणि पिपेट त्या खोलीतच राहावी. कृत्रिम धागा आला की त्याचे लहान लहान भाग करून ठेवावेत, म्हणजे एक बिघडला तरी सारा साठा बिघडत नाही, आणि तोच साठा पुन्हा पुन्हा वितळवून गोठवावा लागत नाही. डीएनएचे धागे कोरडे असोत वा विरघळविलेले, उणे 20 अंशांवर दीर्घकाळ टिकतात. आरएनए फार नाजूक. त्याला उणे 80 अंश लागतात. आपल्या त्वचेवर असलेले एक विकर त्याचे तुकडे पाडते आणि ते विकर उकळण्यालाही सहज दाद देत नाही. म्हणून हातमोजे घालायचे ते हातापासून आरएनएला वाचविण्यासाठीही. काम संपले की मेज ब्लीचच्या द्रावणाने पुसावे. प्रत्येक नळीवर नाव, तारीख, प्रमाण आणि ठेवणाऱ्याची खूण असावी. आणि प्रत्येक खेपेला एक नळी शुद्ध पाण्याची ठेवावी. ती गप्प राहिली तरच बाकीच्यांची साक्ष ग्राह्य धरावी.

मराठवाड्यातील जुन्या पिढीला हे सांगितले तर तिला नवल वाटणार नाही. बियाण्याची जोंधळ्याची कणसे खळ्यावरच वेगळी काढली जात. ती निराळी वाळवायची, राख आणि कडुनिंबाचा पाला घालून मडक्यात भरायची, तोंड लिंपून टाकायचे. खाण्याचे धान्य पेवात किंवा कणगीत. बियाणे त्यात मिसळायचे नाही. घरात उपासमार असली तरी ज्या मडक्याला हात लावताना घरची कर्ती बाई दहा वेळा विचार करी, ते हे मडके. पेरले तेच उगवते, हे तिला ठाऊक होते. आणि चुकीचे पेरले गेले हे कळायला चार महिने लागतात, तोवर हंगाम हातचा जातो, हेही ठाऊक होते. तिच्या जपणुकीमागे एक कळकळ होती: आज केलेल्या हयगयीची शिक्षा उद्या दुसऱ्याच कोणाला भोगावी लागेल.

आता प्रश्न असा की, जेथे हेतू वाईट नाही तेथे दोष कसा द्यावा? आपली सर्वसाधारण समजूत अशी असते की पाप मनात जन्मते. ज्याच्या मनात वाईट नाही त्याच्याकडून घडले तर तो अपघात. ही समजूत अर्धीच खरी आहे. नीतिशास्त्राने अज्ञानाचे दोन प्रकार फार पूर्वीच मानले आहेत. एक, जे दूर करणे त्या माणसाच्या आवाक्यात नव्हते; दुसरे, जे थोडे कष्ट घेतले असते तर दूर झाले असते. पहिल्याबद्दल कोणी अपराधी नसतो. दुसऱ्याबद्दल असतो. संत थॉमस अक्वायनस यांनी निष्काळजीपणाचा विचार स्वतंत्र दोष म्हणून केला आहे. आपल्या पापकबुलीच्या प्रार्थनेतही विचार, शब्द आणि कृती यांच्या जोडीला, करायचे ते न केल्याचाही उल्लेख आहे. पाण्याची नळी ठेवली असती तर चूक कळली असती. ती ठेवली नाही. येथे अज्ञान आहे, पण ते आपण पत्करलेले अज्ञान आहे.

शिवाय या कामात एक वेगळेपण आहे. सुताराने केलेली खुर्ची डगमगली तर बसणाऱ्याला लगेच कळते. स्वयंपाकात मीठ जास्त झाले तर पहिल्या घासाला कळते. प्रयोगशाळेतील हयगय मात्र ज्याला भोवते त्याला ती कधीच कळत नाही. मुरुंब्याचा शेतकरी भोपाळच्या किंवा पुण्याच्या शीतपेटीचे दार उघडून पाहू शकत नाही. ज्याला तपासता येत नाही, तक्रार करता येत नाही, आपल्यावर अन्याय झाला हेसुद्धा समजत नाही, अशा माणसाशी आपण कसे वागतो यावर आपल्या न्यायबुद्धीची खरी कसोटी लागते. मापात पाप करणाऱ्या वाण्याला आपण दोषी मानतो, कारण गिऱ्हाइकाला मापाचा तळ दिसत नाही. ज्याने आपले माप वर्षानुवर्षे तपासूनच घेतले नाही, तो वाणी निर्दोष म्हणायचा काय?

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. ‘हे सारे ठीक, पण तीन खोल्या आणायच्या कोठून? मराठवाड्यात वीज जाते. परभणीचा उन्हाळा 44 अंशांवर चढतो. उणे 80 अंशांची पेटी लाखो रुपयांची आणि तिला अखंड वीज हवी. इतके काटेकोर व्हायचे म्हटले तर जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणीच होणार नाही. नमुने दूरच जातील आणि उत्तर येईतो रोग पसरेल. अचूकतेच्या नावाखाली गरिबाला सेवाच नाकारणे, हाही अन्यायच नव्हे का?’

आक्षेप घेणाऱ्याचे बरोबर आहे, आणि म्हणूनच नियमांकडे पाहताना तारतम्य हवे. सगळे नियम सारख्या किमतीचे नसतात. तिसरी खोली बांधायला पैसे लागतात. पाण्याची एक नळी जास्त ठेवायला लागत नाहीत. महागडी पेटी नसेल तर आरएनएचा साठा बाळगू नये, त्याऐवजी टिकाऊ, सुकविलेली द्रव्ये वापरावीत. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीने तयार केलेल्या आणि जून 2022 मध्ये आपत्कालीन वापरास परवानगी मिळालेल्या आरएनए लशीचा विशेष हाच होता. ती सुकविलेली असल्याने साध्या शीतपेटीत, 2 ते 8 अंशांवर राहू शकते. तेव्हा गरिबीवर उपाय शोधणे हाही जपणुकीचाच भाग. नावे लिहिणे, नोंद ठेवणे, शंका आली तर तपासणी पुन्हा करणे, वीज किती वेळ गेली होती ते वहीत लिहून ठेवणे, यांना पैसा नव्हे, मन लागते. आणि जेथे खरोखरच साधन नाही तेथे ‘निश्चित सांगता येत नाही’ असे लिहून देणे हे अप्रतिष्ठेचे नाही. खोट्या खात्रीपेक्षा खरा संशय अधिक उपकारक असतो.

त्याचबरोबर दोषाचे ओझे कोणाच्या खांद्यावर टाकायचे, याचाही न्याय झाला पाहिजे. चूक उघडकीस आली की सर्वांत कमी पगाराच्या तंत्रज्ञाकडे बोट दाखविण्याची आपल्याकडे रीत आहे. पण एका दिवसात दुप्पट नमुने पुरे करा असा तगादा लावणारा, हातमोज्यांची मागणी फाइलीत अडकवून ठेवणारा, चुकीची कबुली देणाऱ्याला शिक्षा करणारा जो वरिष्ठ असतो, त्याने ती चूक आधीच पेरलेली असते. ज्या प्रयोगशाळेत ‘साहेब, माझ्या हातून नळी सांडली’ असे निर्भयपणे म्हणता येते, तीच प्रयोगशाळा सुरक्षित असते.

वस्तूची ओळख हरवली तर काय होते याचा एक धडा आपल्या कापसानेही दिला आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या नांदेड येथील संशोधन केंद्राने ‘एनएचएच 44’ हा संकरित कापूस दिला आणि मराठवाड्याने तो वर्षानुवर्षे लावला. पुढे बोंडअळीला मारणारा जनुक घातलेले बीटी वाण 2002 मध्ये आले. ते खासगी कंपन्यांचे होते आणि बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागे. म्हणून नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि धारवाडचे कृषी विज्ञान विद्यापीठ यांनी ‘बिकानेरी नरमा’ या सरळ वाणात असा जनुक घालून सार्वजनिक क्षेत्राचे बीटी बियाणे काढले. ते शेतकऱ्याला घरीच राखून पुढच्या वर्षी पेरता आले असते. ‘नांदेड 44’ मध्येही तोच जनुक आणण्यात आला. 2009 च्या हंगामात हे बियाणे शेतात गेले. आणि मग उघड झाले की त्यात मोनसँटो या कंपनीचा जनुक मिसळलेला आहे. विक्री थांबली. 2012 मध्ये डॉ. सुधीर सोपोरी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली आणि तिच्या अहवालानेही त्या भेसळीवर शिक्कामोर्तब केले.

त्या मिसळीत विषबाधा नव्हती, कोणी दगावले नाही. तरीही नुकसान झाले ते मोठे होते. आपले बियाणे आपल्या मडक्यात ठेवण्याची जी एक संधी कोरडवाहू शेतकऱ्याला मिळू पाहत होती, ती गेली; आणि सरकारी संशोधनावरचा त्याचा विश्वास उणावला. पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात जनुकीय तंत्रज्ञानाविषयी सरसकट निवाडा करण्याचे टाळले आहे. मात्र त्यामुळे लहान शेतकरी परावलंबी होण्याची आणि शेती मोजक्या हातांत एकवटण्याची भीती स्पष्ट मांडली आहे. त्या भीतीवर जो एक उपाय निघत होता, तो नळ्या, बिया आणि नोंदी यांच्या जपणुकीत निसटला. येथे जपणूक हा गरिबाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न झालेला दिसतो.

आतापर्यंत आपण चुकीचा विचार केला. आता धोक्याचा केला पाहिजे. प्रायमरसारख्या लहान कृत्रिम तुकड्यांना हात लावल्याने कोणी आजारी पडत नाही. त्यांच्याबद्दल भय बाळगण्याचे कारण नाही. परंतु अशा तुकड्यांची साखळी लांब होत गेली, तर तिच्यातून काय वाचले जाईल याला मर्यादा नाही. 2002 मध्ये अमेरिकेत एकार्ड विमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टपालाने मागविलेले तुकडे जोडून पोलिओचा विषाणू शून्यातून घडविला. 2018 मध्ये कॅनडातील शास्त्रज्ञांनी घोड्यांना होणाऱ्या देवीचा, निसर्गातून नाहीसा झालेला मानला जाणारा विषाणू याच रीतीने पुन्हा तयार केल्याचे प्रसिद्ध केले. दोन्हींचा हेतू वाईट नव्हता. पण ज्या पोलिओसाठी आपण 1995 पासून लेकरांना घेऊन रविवारी रविवारी बूथवर रांगा लावल्या, आणि 2014 मध्ये ज्याच्यापासून भारत मुक्त झाल्याचे जाहीर झाले, तो रोग आता केवळ अक्षरांच्या रूपानेही जगात शिल्लक आहे, हे विसरून चालणार नाही.

साठवून विसरलेल्या वस्तू किती घातक असतात, हे देवीच्या रोगाने दाखविले आहे. ज्यांच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते अशी माणसे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहेत. भारतात तो रोग 1975 मध्ये संपला. पण 1978 मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे जॅनेट पार्कर या बाई देवीने दगावल्या. ज्या इमारतीतील प्रयोगशाळेत तो विषाणू ठेवला होता, तेथेच त्या काम करीत होत्या. त्यानंतर जगभरचे साठे दोनच ठिकाणी एकवटण्यात आले, असे सर्वांनी मानले. आणि 2014 मध्ये अमेरिकेतील बेथेस्डा येथे एका शीतकक्षात 1950 च्या दशकातील कुप्या सापडल्या. त्यांवर देवीचे नाव होते, त्यांतील दोनांत विषाणू जिवंत होता, आणि तो तेथे आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. कोणी चोरले नव्हते, लपविले नव्हते. ठेवणारा निवृत्त झाला असेल, वही हरवली असेल. आपल्याकडे शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतून फळीवर ठेवलेले कीटकनाशक असते ना, तसेच हे. बाटली बोलत नाही. आणि घरातले लेकरू वाचत नाही.

म्हणून कायदा नुसत्या वापराबद्दल बोलून थांबत नाही. भारत सरकारने 5 डिसेंबर 1989 रोजी काढलेल्या नियमांच्या शीर्षकातच घातक सूक्ष्मजीव आणि जनुकीय बदल केलेले जीव यांच्या निर्मिती, वापर, आयात, निर्यात यांच्याबरोबर ‘साठवण’ हा शब्द आहे. प्रत्येक संशोधन संस्थेत जैवसुरक्षा समिती हवी. आणि जिल्हा पातळीवर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असावी, अशी तरतूद त्यात आहे. म्हणजे परभणीचा जिल्हाधिकारी दुष्काळ, पीकविमा आणि निवडणूक यांच्याबरोबर याचाही राखणदार आहे. कृत्रिम डीएनए विकणाऱ्या कंपन्यांनीही 2009 पासून एक आंतरराष्ट्रीय संघ करून, आलेली मागणी घातक विषाणूच्या मजकुराशी जुळते की काय, आणि मागणारा कोण, हे तपासण्याची प्रथा घातली. परंतु जगातील प्रत्येक विक्रेता त्या संघात नाही.

येथे संशय आणि सौजन्य यांचा पेच पडतो. विज्ञान मोकळेपणावर वाढते. प्रत्येक मागणीकडे संशयाने पाहिले तर ज्यांच्यामागे मोठे नाव नाही असे आपल्याकडचे तरुण संशोधक आधी अडतात. मला वाटते, तपासणी सर्वांची सारखी व्हावी आणि ती मागणीची व्हावी, चेहऱ्याची नव्हे. औषधाच्या दुकानात ठराविक गोळ्यांसाठी चिठ्ठी दाखवावी लागते. त्यात कोणाचा अपमान होत नाही, कारण ती गावच्या सरपंचालाही दाखवावी लागते. ज्या वस्तूने हजारोंचे अकल्याण होऊ शकते तिचा रक्षक दाराशी उभा राहून नाव विचारीत असेल, तर सज्जनाने आनंदाने नाव सांगावे. आणि ज्याचे काम संपले आहे त्याने उरलेला साठा नोंद करून नष्ट करावा. ‘कधीतरी लागेल’ म्हणून ठेवलेली वस्तू प्रयोगशाळेत फार क्वचित लागते. विसरली मात्र हमखास जाते.

आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना हा विषय दूरचा वाटू नये. आज आपली कितीतरी मुले-मुली जैवतंत्रज्ञान शिकत आहेत, रक्त तपासणीच्या प्रयोगशाळांत तंत्रज्ञ आहेत, रुग्णालयांत परिचारिका आहेत. त्यांना नोकरी लागली की आपण पगार विचारतो, पाळी विचारतो. कधीतरी हेही विचारावे: तुझ्या नळ्यांवर नावे असतात का? वीज गेली तर पेटीचे काय करता? चूक झाली तर सांगता येते का? आईबापांनी विचारलेल्या प्रश्नांतून मुलांना कळते की घरात कशाची किंमत आहे.

आपण ज्याला पाहू शकत नाही त्याच्याविषयीही आपले कर्तव्य असते, हे मानणे सोपे आहे; ते कर्तव्य एखाद्या नळीवर तारीख लिहून पार पाडता येते, हे मानणे अवघड जाते, कारण त्यात गौरव नाही. कोणी टाळ्या वाजवीत नाही, आणि काम चोख झाले तर काहीच घडत नाही. रोग पसरत नाही, निरोगी कोंबड्या मरत नाहीत, शेतात पेरले तेच उगवते. ते काही न घडणे हेच त्या कामाचे फळ होय. मुरुंब्यासारख्या गावी पुन्हा कधी असा अहवाल पोचेल, तेव्हा त्यावर विश्वास ठेवणाऱ्याला आपण फसवले गेलो नाही हे कळण्याचा मार्ग नसेल. ते फक्त नळीवर तारीख लिहिणाऱ्याला ठाऊक असेल, आणि तेवढे पुरे आहे.